मोहाखालची आग

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला घरात काहीही विचारलेलं चालतं असा एक समज आहे. पंखा का कुरकुरतो, दूध का नासलं, सगळं मलाच. मी बल्लारपूरच्या शाळेत शिकवते आणि रविवारी मूल शहराजवळच्या आमच्या गावी जाते. तिथे आई आणि बाबा दोघंच असतात. त्या रविवारी आईने मला चप्पल काढायलाही सवड दिली नाही.

"वाघळाच्या उष्ट्यानं रोग होते म्हणून राह्यले लोकं. खरं हाय का?"

वटवाघळांपासून येणाऱ्या तापाची ती बातमी कुठल्या तरी दूरच्या राज्यातली होती. मोबाइलवरून ती आमच्या ओसरीपर्यंत आली होती. आमचं घर बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीला लागून आहे. पाळीवर मोहाचं झाड आहे, ते आमचं. कागदावर नसेल, पण कुठलं झाड कोणी वेचायचं हे गावात ठरलेलं असतं. रात्री वटवाघळं येऊन मोहफुलं खातात, अर्धी चघळून टाकतात, आणि पहाटे बाबा उरलेली चांगली फुलं टोपलीत वेचतात. त्यांचे वडीलही असंच वेचायचे. वटवाघळांच्या पंगतीला आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या बसत आलंय म्हणा ना.

पण आईची भीती उगाच नव्हती. कोरोनात बाबा चंद्रपूरच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. जिवावरचं शेपटीवर निभावलं, पण फुप्फुसं तेव्हापासून नाजूक झाली. उशाशी श्वासाचा पंप असतो. जिना चढले तरी धापा टाकतात. त्यांना आता साधा खोकला झाला तरी आईचा जीव टांगणीला लागतो. माझाही लागतो.

"वटवाघळांच्या अंगात विषाणू असू शकतात," मी म्हणाले. "पण त्यांचं त्यांना सहसा काही होत नाही."

इतकं बोलून मी गप्प बसायला हवं होतं. बाजेवरून बाबांनी विचारलं, "त्याईले काऊन नाई होत?"

मला नीट माहीत नव्हतं. मग आठवडाभर मोबाइलवर वाचत बसले आणि जितकं वाचलं तितकी गोंधळत गेले. वटवाघळाच्या शरीरात म्हणे पहारा कायम असतो. विषाणू दिसला की पहारेकरी त्याला वाढू देत नाहीत, पण त्यासाठी सगळं घर डोक्यावर घेत नाहीत. सूज नाही, आग नाही, आरडाओरडा नाही. उडताना अंगावर इतका ताण येतो, की दर वेळी शरीर घाबरलं असतं तर ते जगलंच नसतं. म्हणून ते शांत राहायला शिकलं, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. काहींना तसं वाटत नाही. रेबीजने तर वटवाघळंही मरतात. म्हणजे एक धड उत्तर नाहीच.

पुढच्या रविवारी हे सगळं बाबांना सांगितलं.

"म्हंजे ते लढतच नाई?"

"लढतात. पण बेतानं."

मला दवाखान्यातले डॉक्टर आठवले. ते म्हणाले होते, विषाणू आता फारसा उरलेला नाही, यांचं शरीरच यांच्या फुप्फुसांवर उठलंय. आणि त्यांनी ते शरीर शांत करायची औषधं दिली होती. त्याआधी घरी आम्ही काय करत होतो? प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून बाबांना काढे पाजत होतो! वर्गात मी प्रतिकारशक्तीचा धडा शिकवते तेव्हा फळ्यावर सैनिक काढते, भाले घेतलेले. आता खडू हातात घेतला की वाटतं, भाले द्यावेत की काढून घ्यावेत? वाढवायचं होतं काय आणि कमी करायचं होतं काय, मला अजूनही धड कळत नाही. त्याचा मला राग येतो. दहावीपासून विज्ञान शिकलेय, आणि बापाच्या छातीत काय झालं ते मला सांगता येऊ नये?

आईने या सगळ्यातला एकच शब्द उचलला, विषाणू.

मोह गळायला लागायच्या आधी आमच्याकडे झाडाखालचा पाला झाडून जाळतात. जमीन साफ झाली की फुलं दिसतात. बाबा हे काम हलक्या हाताने करायचे. लहान लहान ढीग, शेजारी पाण्याची बादली, वारा पडलेला असताना. ते आजारी पडल्यापासून शेजारचे भाऊ करून देतात, आणि यंदाही त्यांनी केलं होतंच. पण फुलं गळायला लागली आणि चघळलेले चोथे पुन्हा दिसू लागले तशी आई पेटली. त्या रविवारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. तिने पाला, चोथे, वटवाघळांची घाण सगळं एका ढिगात ओढलं, वरून कडुनिंबाच्या ओल्या फांद्या टाकल्या आणि काडी लावली.

"आई, अगं काय करतेस?"

"रोगच मारून टाकतो एकदाचा!"

ओला कडुनिंब जळत नाही, नुसता धुमसतो. वारा बोडीकडून घराकडे होता. पांढरा धूर पाळीवरून उतरला आणि सरळ अंगणात आला, जिथे बाबा खुर्ची टाकून बसले होते.

त्यांचा श्वास अडकला. पंप दिला, पुन्हा दिला. बाबांचे ओठ काळसर पडायला लागले. शेजारच्या भाऊंनी ऑटो काढला. मूलच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी बाबांची पाठ चोळत होते आणि आईकडे बघतही नव्हते. बघितलं असतं तर काय बोलले असते देव जाणे.

वाफेच्या मशीनवर हळूहळू श्वास बसला. आई आत आलीच नाही. दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती, हातांना राख तशीच. माझा संताप आवरेना.

"बाबा, तिला मी आज चांगलं सुनावणार आहे. रोग राहिला बाजूला, तिनेच तुम्हाला..."

बाबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. मी तो परत बसवायला गेले तर माझा हात धरला.

"तिले काई नोको बोलू," ते एकेक शब्द ओढत म्हणाले. "तुही माय माही ताकद हाय. आज जराशी जास्त झाली, येवढंच."

बाबांनी दाराकडे बघून मान हलवली तशी आई आत आली. आली ती सुरूच झाली.

"दूध आनू काय? काढा आनू? अंगावर टाकाले काई देऊ? डॉक्टरले बोलावू काय पुन्हा?"

"काई नोको," बाबा म्हणाले. "इथी बस."

ती खाटेच्या कडेवर बसली. बाबांनी तिचा राखेचा हात ओढून स्वतःच्या छातीवर ठेवला. छाती अजून भात्यासारखी हलत होती, त्याबरोबर तो हातही वर खाली होत होता. राख बाबांच्या स्वच्छ सदऱ्याला लागली. ती फुप्फुसांना चालणार नाही, हात धुऊन ये, असं मी म्हणायला हवं होतं. विज्ञानवाली ना मी. पण हात काढला तर बाबांचं बिघडेल की ठेवला तर, हे मला काही केल्या ठरवता येईना. मी मास्क नीट केला आणि तशीच उभी राहिले.