डावा कोपरा

मस्कतमध्ये मला बावीस वर्षं झाली. त्यातली सतरा वर्षं मी इथल्या कोकणी माणसांच्या कबड्डी संघामागे काढली. स्वतः कधी खेळलो नाही. गावाला, गुहागरच्या बाजूला, विशीतच गुडघा गेला आणि खेळ तिथेच संपला. इथे आलो ते वादी कबीरमधल्या एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये. पहिली काही वर्षं शुक्रवार झोपण्यात आणि घरी फोन करण्यात जायचा. मग एका हिवाळ्यात वर्कशॉपमधल्या कुणीतरी सांगितलं, असरच्या, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या नमाजानंतर आपली माणसं कबड्डी खेळतात, चल बघायला.

मोकळ्या जागेत चुन्याने आखलेलं मैदान होतं. चढाईला निघालेल्या माणसाचा तो एकसुरी दम कानावर पडला आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. कितीतरी वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. त्यानंतर थंडीतला एकही शुक्रवार मी चुकवला नाही. उन्हाळ्यात खेळ बंद असायचा, तेव्हा पुढच्या हंगामाच्या गप्पा मारायचो.

त्या गप्पा मारायला माणूस मिळाला तोही तिथेच. मी त्याला भाई म्हणायचो. दाभोळच्या खाडीकाठचा मुसलमान, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. मत्रहमध्ये एका अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं, कापडाचं दुकान तो सांभाळायचा. नमाज आटोपून चटई घेऊन यायचा आणि मैदानाच्या डाव्या अंगाला अंथरायचा. मी ओरडणारा, तो तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा. कुणी वेडीवाकडी चढाई केली की मी शिव्या घालायचो, आणि भाई माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणायचा, "ऐकू जाईल रे त्याला. बस खाली."

डाव्या अंगाला बसण्याचं कारण म्हणजे भाईचा धाकटा भाऊ. आमच्या संघाचा डावा कोपरा तो सांभाळायचा. पेशाने सुतार, अंगाने बारीक, बोलणं जवळजवळ नाहीच. समोरचा चढाईपटू आत शिरला की हा एवढा वाकायचा, की जणू जमिनीवर पडलेलं काही शोधतोय. आणि त्या माणसाचा पाय बोनस रेषेकडे गेला की घोटा याच्या दोन्ही हातांत. एकदा घोटा हातात आला की सुटका नाही. बाकीचे सहा मग वरून पडायचे, पण पकड त्याची असायची. टाळ्या पडल्या तरी तो वर बघायचा नाही. पँटची धूळ झटकून परत आपल्या जागी.

ती आमची चांगली वर्षं. लागोपाठ तीन हंगाम आम्ही स्पर्धा जिंकलो. बायको एव्हाना मुलीला घेऊन इथे आली होती. ती म्हणायची, "तुम्हाला मुलीच्या शाळेतल्या पालकसभेची तारीख लक्षात राहत नाही, आणि कुणाच्या किती पकडी झाल्या ते पाठ." खरंच होतं ते.

मग साथ आली. कंपन्यांनी माणसं कमी केली, काही कंपन्या बंदच पडल्या. एका वर्षात आमच्या सात जणांतले पाच गावाला गेले. ज्याच्या चढाईवर मी आठवडाभर जगायचो, तो आता चिपळूणला रिक्षा चालवतो. निरोप द्यायलाही जाता आलं नाही. उरले दोघं: एक उजवा मध्यरक्षक आणि भाईचा धाकटा.

खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा संघ नव्याने उभा करायची जबाबदारी एका इंजिनीअरने घेतली. तो अल् घुब्राला राहणारा, पुण्याकडे कॉलेजच्या संघातून खेळलेला. पहिल्याच दिवशी आम्हा जुन्या प्रेक्षकांना म्हणाला, "तीन वर्षं द्या मला. लगेच जिंकायचं बघू नका."

आम्ही दिली. पण तीन वर्षं म्हणजे काय हे हरायला लागल्यावर कळतं. पहिल्या हंगामात एकही सामना जिंकलो नाही. दर सामन्यात आमच्यावर लोण चढायचा, सगळे सातच्या सात बाद. एखादा पोरगा जरा चांगला निघाला की पुढच्या महिन्यात कळायचं, तो लांब दुक्मला गेला प्रोजेक्टवर. दुसरा तयार होईतो त्याचा व्हिसा संपायचा. मग इंजिनीअरने इथेच वाढलेली, नुकती शाळा संपवलेली मुलं आणली. ती चपळ होती, पण मैदानात एकमेकांशी इंग्रजीत बोलायची. एकदा त्यांचे धरलेले हात सुटताना बघून मी ओरडलो, "साखळी सोडू नका रे!" तर त्यातला एक थांबून मला विचारतो, "अंकल, साखळी मीन्स?" तेवढ्यात चढाईपटू गुण घेऊन मध्यरेषेपार गेला होता. मी कपाळावर हात मारला. भाई मात्र हसला. "शिकेल," म्हणाला. "बघ कसा धावतो. शिकेल, इन्शाल्ला."

प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला मला वाटायचं, या वेळी जमणार. डिसेंबरपर्यंत ती आशा संपायची, आणि त्याचा राग मी कुणावर तरी काढायचो.

दुसऱ्या हंगामात धाकट्याचा खांदा दुखायला लागला. वय अडतीस. घोटा हातात यायचा, पण तो धरून ठेवता यायचा नाही. जे माझं सगळ्यात आवडतं दृश्य, तेच आता डोळ्यांदेखत बिघडत होतं. त्याचा मला विलक्षण राग यायचा. दुखणं त्याचं होतं, पण मला वाटायचं, माझंच काहीतरी कुणी नेतंय.

तिसऱ्या हंगामाआधी इंजिनीअरने भाईला आणि मला घरी बोलावलं. संघनिवडीत जुन्या जाणत्या माणसांचंही मत असावं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या बायकोने पोहे दिले. सहा नावं पटकन ठरली. डाव्या कोपऱ्यापाशी येऊन इंजिनीअर थांबला. बावीस वर्षांचा एक नवा मुलगा होता, त्याला तिथे खेळवायचा त्याचा विचार होता.

भाई म्हणाला, "माझ्या भावाची गोष्ट आहे. मी बोलणार नाही. तुम्ही दोघं ठरवा." आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू सांग. तू इतकी वर्षं बघतोयस."

आज वाटतं, त्याने मला संधी दिली होती. सावकाश बोलायची, काहीतरी मधलं सुचवायची. अर्धा सामना खेळवू, नव्याला त्याच्या हाताखाली तयार करू, असं काहीही. मी म्हणालो, "खलास झालाय तो आता. नव्याला घालू."

वर्कशॉपमध्ये आम्ही दिवसातून दहा वेळा हा शब्द वापरतो. कॉम्प्रेसर जळला की खलास. काढून टाक, नवा बसव. भाईने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि नळावर हात धुऊन आला.

धाकट्याला कळवायचं काम इंजिनीअरने घेतलं. त्याने काय केलं, तर संघाच्या ग्रुपवर सात नावांची यादी टाकली. पहिल्या शुक्रवारी धाकटा नेहमीसारखा तयार होऊन आला. खांद्याला पट्टी, पायात बूट. यादी त्याने बघितली नव्हती. शिट्टी झाली, सात जण मैदानात उतरले, डाव्या कोपऱ्यात नवा मुलगा जाऊन उभा राहिला. धाकटा रेषेबाहेर उभा. त्याने एकदा इंजिनीअरकडे बघितलं. इंजिनीअर पाण्याच्या बाटल्या मोजत होता.

मग तो आमच्याकडे आला आणि चटईवर, भाईच्या पलीकडे बसला. बुटांच्या नाड्या सोडल्या. सामना संपेपर्यंत आम्ही तिघं एका चटईवर होतो. मी मैदानावरची नजर हलवली नाही. ओरडलोही नाही त्या दिवशी. सामना आम्ही हरलो.

महिन्याभरात कळलं, धाकटा दुक्मला गेला. त्याची कंपनी दोन वर्षांपासून तिकडे जा म्हणून मागे लागली होती, पगारही जास्त होता. पण दुक्म म्हणजे मस्कतपासून सहा तासांची वाट, शुक्रवारी खेळायला येणं शक्य नाही, म्हणून तो नको म्हणत होता. हे मला भाईने सांगितलं, अगदी सहज, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. त्यानंतर भाई एक शुक्रवार आड यायला लागला. मग दुकानात गर्दी आहे म्हणाला. मग आलाच नाही. मी एकदा मत्रहला गेलो. त्याने चहा मागवला, मुलीची चौकशी केली, बायकोसाठी ओढणी दिली. माझ्या बोलण्यात दोनदा संघाचा विषय आला. दोन्ही वेळा त्याला गिऱ्हाईक दिसलं.

पुढच्या हिवाळ्यात स्पर्धेला दुक्मचा एक संघ उतरला. प्रोजेक्टवरची माणसं, कुणी वेल्डर, कुणी फिटर, थोडे कोकणातले, थोडे घाटावरचे. कप्तान होता धाकटा. कॅम्पमागच्या वाळूत त्याने त्यांना शिकवलं होतं म्हणे. दुसऱ्या फेरीत ते आमच्यासमोर आले. भाई पलीकडच्या बाजूला, दुक्मवाल्यांत बसला होता. मला बघून त्याने हात वर केला. मीही केला. जागा कुणीच सोडली नाही.

आमचा संघ एव्हाना बराच सुधारला होता. ज्याला साखळी म्हणजे काय माहीत नव्हतं, तोच आता आमचा मुख्य चढाईपटू होता. तो चढाईला गेला, बोनससाठी पाय टाकला, आणि धाकटा वाकला. घोटा हातात. खांद्यातली कळ त्याच्या तोंडावर दिसली, पण त्याने सोडलं नाही. बाकीचे येऊन पडेपर्यंत धरून राहिला.

मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. आजूबाजूची आमची माणसं माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा भानावर आलो.

सामना आम्ही चार गुणांनी जिंकलो. दुक्मवाल्यांची बस लगेच निघणार होती. मी घाईने पलीकडे गेलो. धाकटा पायरीवर बसून पट्टी सोडत होता.

"पकड मस्त होती," मी म्हणालो.

"झाली एक," तो म्हणाला. मग पट्टी गुंडाळत, "तुमचा पोरगा चांगला आहे. पण दर वेळी उजवाच पाय टाकतो. सांगा त्याला."

एवढंच बोलणं झालं. मला त्याची माफी मागायची होती. पण बसच्या ड्रायव्हरने "यल्ला, यल्ला" केलं आणि तो उठला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी सलग इतकं बोलल्याचं मला आठवत नाही, आणि त्यातही त्याने संघाला तुमचा म्हटलं.

ते प्रोजेक्ट संपलं तसा दुक्मचा संघही संपला. सगळे आपापल्या गावी गेले. भाईही गेला. ते मला मत्रहमध्ये त्याच्या शेजारच्या शिंप्याकडून कळलं. दुकानाच्या काचेवर कागद चिकटवलेले होते. "तुम्हाला ठाऊक नाही?" शिंप्याने विचारलं. मी म्हटलं, विसरलो होतो.

गेल्या हिवाळ्यात आमचा संघ स्पर्धा जिंकला. तीन वर्षं म्हणाला होता इंजिनीअर, त्याहून दोन जास्त लागली. मुलांनी त्याला खांद्यावर घेतलं. मलाही ओढून फोटोत उभं केलं. मी हसलो. पाच वर्षं मी याच दिवसाची वाट बघितली होती, आणि तो आला तेव्हा कुणाच्या मांडीवर थाप मारून 'बघितलंस?' म्हणावं, असं जवळ कुणी नव्हतं. मी लवकर घरी निघालो.

मे महिन्यात रजेवर गेलो तेव्हा धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरलो आणि विचारत विचारत भाईच्या घरी पोचलो. त्याने मला मिठी मारली. भाभीने फिरनी दिली. धाकटा खेडला फर्निचरच्या कामावर होता, रविवारी येणार होता. भाईने सगळं विचारलं. मुलगी कुठल्या कॉलेजात, वर्कशॉप कसं आहे, मत्रहचा शिंपी बरा आहे का. संघाचं नाव काढलं नाही.

शेवटी मीच म्हणालो, "भाई, आपण जिंकलो."

"ऐकलं," तो म्हणाला. "चांगलं झालं."

"मी त्या दिवशी त्याला असं काढायला नको होतं."

भाईने माझ्यापुढची फिरनीची वाटी उचलून बाजूला ठेवली. "काढलंस त्याचं काही नाही. खांदा गेला होता, मला दिसत नव्हतं काय? पण त्या शुक्रवारी तो येऊन आपल्या चटईवर बसला. मला वाटलं, तू काहीतरी बोलशील. नुसतं, 'ये, बस', एवढं म्हणाला असतास तरी चाललं असतं. मी पूर्ण सामनाभर वाट बघितली."

मी विचारलं, "आणि तो? तो काय म्हणाला?"

"तो काय म्हणणार? म्हणाला, त्यांनी बरोबर केलं."

रविवारपर्यंत थांब, असं भाई म्हणेल असं मला वाटत होतं. म्हणाला असता तर थांबलो असतो. तो मला धक्क्यापर्यंत सोडायला आला. भाभीची औषधं घ्यायची होती, त्यामुळे बोट सुटेपर्यंत त्याला थांबता येण्यासारखं नव्हतं. "बायकोला सलाम सांग," म्हणाला आणि बाजाराच्या रस्त्याने निघाला. बोटीत दोन टेम्पो चढत होते. त्यांच्यामागून मीही चढलो.