घड्याळ मालकाच्या वेळेवर होतं

त्या केसचं आरोपपत्र कोर्टात गेलं, फाईल बंद झाली, पण माझ्यापुरती ती बंद झालेली नाही. मुदतीआधी निवृत्ती घेतल्यालाही आता दोन वर्षं होतील. कुणी नोकरीतल्या आठवणी विचारल्या की मी दरोड्याच्या, अपहरणाच्या सांगतो. ही टाळतो. आज टाळत नाही.

तेव्हा मी बोईसर भागातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. औद्योगिक वसाहतीत नकली दागिन्यांचा एक कारखाना होता. माल सगळा परदेशात जायचा. हे दागिने डायवर होतात. डाय म्हणजे पोलादाचा मुठीएवढा ठोकळा, त्यावर हाताने उलटी कोरलेली नक्षी. त्यावर पत्रा ठेवून दाब दिला की फूल, पान, मोर जे असेल ते उमटतं. वाणगाव-चिंचणीच्या पट्ट्यात हे कोरणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एक डाय करायला महिना महिना जातो.

कारखान्याचा मालक तीन वर्षांपूर्वी कुटुंबासह न्यूझीलंडला राहायला गेला होता. तळ्याकाठी घर, मागे बर्फाचे डोंगर. तिथून तो सगळा धंदा चालवायचा. कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे होते आणि इथलं बघायला एक मॅनेजर.

डिसेंबरातल्या एका शनिवारी मॅनेजर तक्रार घेऊन आला. डायच्या खोलीतून सहा नवे डाय गायब होते. नव्या हंगामाची डिझाईन्स, अजून बाजारात न आलेली. आमच्याकडे वसाहतीला शुक्रवारी सुट्टी असते, म्हणजे चोरी गुरुवारी नाहीतर शुक्रवारी झाली. मॅनेजर खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "साहेब, माझ्या तोंडून नाव घेऊ नका. पण चावी दोघांकडेच असते. एक मी आणि दुसरे आमचे म्हातारे कारागीर." आणि त्याने मोबाईलवर एक क्लिप दाखवली. म्हातारा कपाट उघडतो, एकेक डाय काढून पाटावर ठेवतो. कोपऱ्यात तारीख गुरुवारची, वेळ रात्री पावणेदहा. कारखाना सहाला बंद होतो.

मी मालकाला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्या मागे ते तळं दिसत होतं. मी त्याला म्हटलं, तुमच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर ताब्यात घ्यावा लागेल. तो म्हणाला, "त्याचा पासवर्ड माझ्याकडे आहे, निवांत देतो. आता एका गिऱ्हाइकाची मीटिंग आहे. क्लिप मीही पाहिलीय. आमचे जुने माणूस आहेत, वाईट वाटतं. पण तुम्ही तुमचं काम करा."

रेकॉर्डर पहिल्याच दिवशी पंचनामा करून जप्त करायला हवा होता. मी केला नाही. क्लिप पुरेशी वाटली.

त्या कारागिरांना मी काकाच म्हणेन. साठीच्या पुढचे, अंगाने बारीक, डोळ्यांना जाड भिंग. मालकाच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांना चौकशीला आणून बसवलं. अटक दाखवली नाही, ठाणे दैनंदिनीत नोंदही केली नाही. सकाळी बोलवायचं, संध्याकाळी सोडायचं. असे तीन दिवस.

ते एकच सांगत राहिले. "साहेब, मी बेस्तरवारी दुपारचा तेल लावतो डायला. खाऱ्या वाऱ्यानं गंज चढते. शुक्रवारी कारखाना बंद, म्हनून बेस्तरवारी. मोठ्या शेठनी लावलेली शिस्त हाय ती."

"रात्री पावणेदहाला तेल लावता?"

"रातचा मी गेलोच नाय."

"मग हे कोण आहे?"

त्यांनी भिंगातून मोबाईलकडे निरखून पाहिलं. "मीच हाय. पन ही दुपार हाय."

तिसऱ्या दिवशीही हेच उत्तर आलं. त्यांचा डावा हात टेबलावर होता. माझ्या हातात लाकडी रूळ होता. मी तो त्यांच्या बोटांवर मारला. दोनदा. ते हात पोटाशी धरून बसले. मला तेव्हा माहीत नव्हतं की छिन्नी डाव्या हातात धरतात. माहीत असतं तर मी थांबलो असतो का, हेही मला खात्रीने सांगता येत नाही.

त्याच दुपारी आमच्या महिला हवालदार बाई क्लिपचं वर्णन लिहायला कॉम्प्युटरवर बसल्या. इथल्याच किनाऱ्यावरच्या माहीम गावच्या, मच्छीमार घरातल्या, तोंडाने फटकळ. त्यांनी मला हाक मारली. "साहेब, हा फरशीवरचा पट्टा बघा."

"ट्यूबलाईटचा असेल."

"ट्यूबलाईट वर हाय. ही सावली आडवी पडलीय. उजेड झरोक्यातून आलाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या माहीमात तरी रातचा ऊन पडत नाय. बोईसरला पडतो काय ते तुमी सांगा."

मोठ्या पडद्यावर ते लख्ख ऊन होतं. मोबाईलवर मी ती क्लिप दहादा तरी पाहिली होती. पाहिले होते ते फक्त कोपऱ्यातले आकडे.

मी पुन्हा मालकाला फोन लावला आणि कॅमेऱ्याच्या घड्याळाचं विचारलं. तो सहज म्हणाला, "ते इथल्या वेळेवर ठेवलंय. मला रोज हिशेब करत बसावं लागू नये म्हणून. मॅनेजरने सांगितलं नाही? मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. दुपारी जेवायच्या सुट्टीत उचलले असणार, असंच मी समजत होतो." तिथली वेळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे होती. रात्रीचे पावणेदहा म्हणजे आपले दुपारचे सव्वादोन. डायला दर आठवड्याला तेल लागतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पासवर्ड घेतला, पंचांसमोर रेकॉर्डर ताब्यात घेतला. काकांनी सगळे डाय पुसून, तेल लावून परत कपाटात ठेवलेले दिसत होते. मॅनेजरच्या क्लिपमध्ये तेवढाच भाग नव्हता. पुढे शुक्रवारी पहाटे अडीचच्या आकड्याखाली, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी सातला, मालक तिकडे झोपेत असताना, मॅनेजर एकटा खोलीत आला आणि पिशवी भरून गेला.

त्याला बोलावून मी एकच प्रश्न विचारला. गुरुवारी सातला कुठे होतात? तो म्हणाला, घरी. मी पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने पाणी मागितलं. दुसऱ्या एका निर्यातदाराने त्याला भागीदारी कबूल केली होती, त्यासाठी डाय मुंबईत एका वर्कशॉपला नक्कल करायला दिले होते. सहाही हस्तगत झाले. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, सेवापुस्तकात नोंद झाली. ती मी होऊ दिली.

महिनाभराने सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत काकांच्या घरी गेलो. डाव्या हाताचं पहिलं बोट सांध्यात वाकलेलंच राहिलं होतं. मी माफी मागितली. त्यांच्या बायकोने चहा दिला. काका म्हणाले, "तुमी आलात ती बरी. पन साहेब, मला नेलात तवा जीप दारात आली, सगला पाडा बघत होता. सोडलात तवा मी रिक्षातून उतरलो, कोन बघाया नव्हता. लोक अजून चोर समजतात. एकदा जीप घेऊन या नि चार लोकांत सांगा."

मी म्हटलं, येतो. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली. बदली हे कारण नव्हतं. जीप घेऊन गेलो असतो तर बोटाचा प्रश्नही चार लोकांतच निघाला असता.

निवृत्तीनंतर गेलो. काका थकले होते, काम सुटलं होतं. मी त्यांना घेऊन नाक्यावर, सुक्या मासळीचा बाजार भरतो तिथे गेलो. दहा-पंधरा माणसं होती. मी सांगितलं की यांनी चोरी केली नव्हती, चूक माझी होती, आणि हे बोट मी मोडलं. लोक ऐकत होते. बोंबिलाच्या टोपलीमागून एका म्हातारीने विचारलं, "तुमी कोन?"

मी म्हटलं, मी तेव्हा इथे पोलीस अधिकारी होतो.

ती काकांकडे वळली. "खरं काय रे? का याला भाड्यानं आनलास?"

दोघे-तिघे हसले. काकाही हसले. मी खिशात हात घातला, पण ओळखपत्र मी केव्हाच जमा केलं होतं.

तपासात चूक होते, ती कागदावर दुरुस्तही होते. पण ती कबूल करायची तर अंगावर वर्दी असताना करावी. तेव्हा दारात आलेल्या माझ्या एका जीपने हा माणूस चोर ठरला होता. आता माझी दहा वाक्यं त्याला त्यातून सोडवू शकत नव्हती.