आमचे नगरसेवक

आमच्या रत्नागिरीच्या लहानशा मराठी चर्चमध्ये निवडणुकीचा खरा निकाल लागतो तो रविवारी. मतमोजणी कधीही होवो, गुलाल उडो, फटाके वाजोत. रविवारच्या उपासनेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते आणि निवडून आलेल्या माणसाला तिथे 'आमचे' म्हणावं लागतं. आमचे आमदार, आमचे नगरसेवक. ज्याला मत दिलं नाही तोही त्या दिवसापासून आमचा. वडिलांच्या काळापासूनची रीत आहे. सभेत 'आपले' म्हणून निभावून नेता येतं. पण देवाशी बोलताना 'आपले' म्हटलं तर त्यात देवही येतो. त्याला कशाला ओढा? तिथे 'आमचे'च म्हणायचं.

त्या रविवारी प्रार्थनेची पाळी माझी होती. हौशी नाटकांतून मी तीस वर्षं राजे आणि खलनायक केले आहेत. मी प्रार्थनेला उभा राहिलो की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या कानातलं यंत्र काढून ठेवतात.

आमच्या प्रभागात जो निवडून आला, त्याने प्रचारसभेत आम्हा ख्रिस्ती लोकांबद्दल एक वाक्य टाकलं होतं : "पाहुण्यांनी पाहुण्यांसारखं राहावं." माझे पणजोबा याच गावात शाळामास्तर होते. तीन पिढ्या इथल्या जांभ्यात पुरल्या आणि आम्ही अजून पाहुणे! पाहुण्याला निदान चहा तरी विचारतात. म्हणून मी त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या एका अपक्षाचा प्रचार केला, घसा बसेपर्यंत. तो असा आपटला की निकालानंतर दोन दिवस त्याचा फोन बंद.

आणि चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या माझ्या मित्राने, शाळेपासूनच्या मित्राने, आम्हाला पाहुणे म्हणणाऱ्यालाच मत दिलं. निकालाच्या दिवशी त्याने स्वतःच सांगितलं.

"होय, दिलं. दफनभूमीपर्यंतचा रस्ता त्याने करून दिला, निवडून यायच्या आधी. तुझ्या अपक्षाने काय दिलं? भाषण!"

"अरे, तुला पाहुणा म्हणाला तो!"

"म्हणू दे. माझ्या बायकोला भर पावसात त्या चिखलातून नेली, तेव्हा खांद्याला तूच होतास ना? तुझाच पाय घसरला होता. विसरलास?"

विसरलो नव्हतो. म्हणूनच जास्त झोंबलं.

रविवारी उभा राहिलो. आजाऱ्यांसाठी मागितलं, आखातात नोकरीला गेलेल्यांसाठी मागितलं. मग थांबलो. विराम कुठे घ्यावा हे मला बरोबर कळतं. आणि म्हणालो, "हे प्रभू, त्यांच्या नव्या नगरसेवकांना सद्बुद्धी दे."

त्यांच्या. एकच शब्द. खोटं कशाला सांगू, टाळी मिळाल्यासारखा आनंद झाला मला.

'आमेन' आलं ते दोन-चार बाकांवरून. त्यानंतर गीत असतं. पेटी वाजेना. डोळे उघडून पाहतो, तर मित्र पेटीचा भाता बंद करत होता. सावकाश, नीट, वर कापड घालून. मग उठला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला. आम्ही पेटीशिवाय गायलो. तिसऱ्या कडव्यात सूर इतका खाली गेला की पाळकांनी चौथं गाळलं.

बाहेर एका म्हातारीने मला गाठलं. "काय रे मेल्या, प्रार्थना करत होतास की नाटक?"

"दोन्ही, मावशी."

"मग तिकीट लावायचंस. निदान आम्ही आलो नसतो."

मित्राला फाटकाशी पकडलं. "अरे, मी नगरसेवकाला बोललो. तुला नाही."

"'त्यांचे' म्हणजे कोणाचे? ज्यांनी मत दिलं त्यांचे. तो काय चर्चमध्ये बसला होता ऐकायला? मी बसलो होतो." मग आवाज न चढवता म्हणाला, "रस्त्यात शिव्या घातल्या असत्यास, तर उलट चार घातल्या असत्या. डोळे मिटलेल्या माणसाला मारलंस रे."

पुढच्या रविवारी पाळकांनी मुद्दाम मलाच उभं केलं. मी 'आमचे नगरसेवक' म्हटलं. मनापासून? छे! बांगड्याचा काटा गिळावा तसं. 'पाहुणे' हा शब्द नगरसेवकाने अजून मागे घेतलेला नाही, आणि मी त्याला अजून माफ केलेलं नाही. पण राज्यकर्त्यांसाठी मागायचं असतं, ते चांगले आहेत म्हणून नव्हे. आपण त्यांच्या हातात आहोत म्हणून. एवढं मला त्या आठवड्यात कळलं. फार उशिरा कळलं.

संध्याकाळी मित्राकडे गेलो. तो भाजी चिरत होता. म्हणालो, "चुकलो."

"बोललास सगळ्या मंडळीसमोर, आणि माफी माझ्या स्वयंपाकघरात होय?" त्याने वर पाहिलं नाही. "तिथेच माग. आणि डोळे उघडे ठेवून."

इतका साधा संवाद, पण तो काही माझ्या तोंडून निघत नाही. त्यानंतर माझी पाळी तीनदा येऊन गेली. मी उभा राहतो, 'आमचे नगरसेवक' म्हणतो, सगळ्या बाकांवरून 'आमेन' येतं. शेवटच्या बाकावरूनही येतं; मी कान देऊन ऐकतो. आणि खाली बसतो.