रांगोळीच्या अलीकडे

नाजिया मॅडमच्या स्कूटीची डिकी उघडली की आतून काय निघेल याचा नेम नसे. बाटल्यांची झाकणं, तुरीच्या शेंगा, जुन्या साडीच्या चिंध्या, आगपेटीच्या काड्या. मोर्शीच्या पंचायत समितीतले लोक थट्टेनं म्हणत, "मॅडम, भंगारचा धंदा टाकला का?"

"हो ना. तुमच्याजवळ काही निघते का?" ती विचारे आणि खरोखरच त्यांच्या टेबलाखाली बघे.

ती मूळची अकोल्याची, जठारपेठेत वाढलेली. विशेष शिक्षिकेचं रीतसर शिक्षण घेतलेली आणि कंत्राटावर लागलेली. ऐकू न येणारी, कमी दिसणारी, उशिरा समजणारी मुलं तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत बाकीच्यांबरोबर एकाच वर्गात कशी शिकतील, ते बघणं हे तिचं काम. बहुतेक ठिकाणी असं मूल मागच्या भिंतीशी बसे, त्याची हजेरी लागे आणि काम झालं असं धरलं जाई. नाजियाला ते सहन होईना. तिनं तिसरीचा वर्षभराचा अभ्यासक्रम नव्यानं मांडला. प्रत्येक धडा आधी हातांनी करायचा, मग डोळ्यांनी बघायचा आणि शेवटी तोंडानं बोलायचा. तोही साऱ्या वर्गानं मिळून.

संत्र्याच्या बागांमधल्या एका लहान गावात तिला तो करून बघायची परवानगी मिळाली, एका वर्षापुरती. त्या वर्गात चंदा होती.

चंदाला ऐकू येत नव्हतं. पहिलीच्या वयात तिला अकोल्याच्या एका निवासी शाळेत घातलं होतं. शाळा वाईट नव्हती. पण सहा वर्षांची पोर फाटकाचे गज धरून बसली ती उठेना, जेवेना. तिची आई मैनाबाई तिला परत घेऊन आली तेव्हा पोरीच्या हाडांवर कातडीच तेवढी उरली होती.

आता वर्ष सरत आलं होतं. अमरावतीच्या शिक्षण विभागातल्या मोठ्या मॅडम जानेवारीत येऊन एक पाठ बघणार होत्या. त्यांना पटलं तर योजना पुढं चालणार होती. नाही पटलं तर जूनपासून चंदाचं नाव पुन्हा अकोल्याच्या शाळेत जाणार होतं.

"अकोल्याले पाठोण्यापेक्षा मी तिले वावरात निंदाले नेईन," मैनाबाईनं आधीच सांगून टाकलं होतं. म्हणजे शाळा संपली. नाजियाला हे पुरतं ठाऊक होतं.

शाळेचे मुख्याध्यापक शालिकराम सर. तिसरीचा वर्ग त्यांच्याचकडं. सुरुवातीला त्यांनी खूप नाकं मुरडली. मुलांनी एकेकाला खुणेचं नाव ठेवलं, तेव्हा सरांच्या वाट्याला आलं छातीवरचा खिसा चाचपणं, कारण सर दर दोन मिनिटांनी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी जागेवर आहे ना ते बघत.

"हे पोट्टे माही नक्कल करून राहिले का, मॅडम?"

"नाही सर, तुमचं नाव घेऊन राहिले."

"लय चांगलं नाव ठेवलं बुवा!" सर म्हणाले, पण हसले. दिवाळीनंतर तेच मुलांना खुणा विचारू लागले.

मोठ्या मॅडम येणार हे कळल्यावर नाजियानं त्यांना एकच गोष्ट मागितली. साहेब यायच्या दिवशी कच्ची पोरं घरी ठेवायची, हा तिकडच्या शाळांचा जुना रिवाज. कोणी लिहून दिलेला नाही, पण सगळे पाळतात.

"सर, चंदा पाहिजे. ती नसली तर दाखवायला काहीच नाही."

"अवो, मी कोणालेच घरी ठेवत नाही यंदा. शब्द देतो. झालं?"

सरांनी शब्द पाळला. नाजिया स्वतः मैनाबाईकडंही जाऊन आली. पाठ होता अपूर्णांकांचा. प्रत्येक मुलापुढं एक संत्रं. सोलायचं, फोडी मोजायच्या, अर्धं, पाव करायचं. संत्र्याची खूण चंदानंच काढली होती. डाव्या हाताची मूठ करायची आणि उजव्या अंगठ्यानं ती सोलायची. सारा वर्ग मुठी सोलायला लागला की हातांची कशी लाट उठे. नाजियाला हुरूप आला. मोठ्या मॅडम यायच्या दिवशी तिनं सकाळीच फाटकात मुलींकडून भलीमोठी रांगोळी काढून घेतली. मधोमध संत्रं आणि त्याच्या केशरी फोडी.

शाळा भरली. चंदाची जागा रिकामी.

"चंदा कुठं आहे?"

"आली व्हती, मॅडम," पियुष म्हणाला. "फाटकापासून वापस गेली."

"कोणी पाठवली?"

"कोणीच नाही. तिची तेच गेली."

नाजियानं सरांकडं पाहिलं. सरांनी दोन्ही हात वर केले. "लेकराची शपथ, मॅडम, मी त तिले पाह्यलं बी नाही."

गाडी मोर्शीहून निघाल्याचा निरोप आला होता. नाजियानं सरांना पाठ सुरू करायला सांगितलं आणि स्कूटी काढली.

मैनाबाई बागेत होती. संत्र्याची तोड चालू होती आणि ती ढिगाजवळ बसून डागी फळं वेगळी काढत होती. शेजारी चंदा, धुतलेला गणवेश, तेल लावून घातलेल्या वेण्या, लाल फिती.

"मी त तिले न्हाऊ घालून पाठोली, मॅडम! इकडं पाह्यलं त हे हजर. एक रट्टा बी देला. काय झालं ते सांगतच नाही."

नाजिया पोरीसमोर मातीत बसली. शाळा, अशी खूण केली. का नाही, विचारलं.

चंदानं चिमटीतून जमिनीवर काहीतरी सोडल्यासारखं केलं. ठिपके, ठिपके, ठिपके. मग छातीवरचा नसलेला खिसा चाचपला. मग फाटकाकडं बोट, स्वतःकडं बोट, घराकडं बोट. आणि हसली. आपल्याला धडा बरोबर आला, म्हणून हसावं तशी.

नाजियाला आता उलगडलं. आधीची दोन वर्षं साहेब आले की फाटकात रांगोळी निघायची आणि सर चंदाला तिथूनच परत पाठवायचे. तिच्या कानांना शाळेतलं काही कळत नव्हतं, म्हणून तिनं डोळ्यांनी शिकून घेतलं होतं. रांगोळी म्हणजे मी नाही. वर्षभराच्या अभ्यासक्रमातला इतका पक्का धडा दुसरा नव्हता. आणि आज तो नाजियानंच रंग भरून फाटकात मांडला होता.

'आजची गोष्ट वेगळी' हे कसं सांगायचं? वर्षभरात त्यासाठी खूणच केली नव्हती. 'ये' म्हटलं तरी चंदा नकाराची मान हलवी. शेवटी मैनाबाईनं तिला उचलून स्कूटीवर मधे बसवलं.

फाटकासमोर पांढरी गाडी उभी होती. चंदा उतरली, रांगोळीपर्यंत आली आणि थांबली. मैनाबाईनं ओढलं तशी तिनं फाटकाचा गज धरला. ती पकड बघून मैनाबाईनंच हात सोडला.

नाजिया गुडघ्यांवर बसली आणि ओढणीनं रांगोळी पुसू लागली. केशरी फोडी फरफटत गेल्या, रंग नखांत भरला. वर्गातून मुलांचा आवाज येत होता, "अर्धं! पाव!" मग खुर्च्या सरकल्या आणि पावलं बाहेर आली.

"हे काय चाललंय?" मोठ्या मॅडम म्हणाल्या. त्यांच्या हातात सोललेलं संत्रं होतं.

"मॅडम, हीच चंदा. पाच मिनिटं थांबा. ती आत येईल."

शालिकराम सर पुढं झाले. त्यांचा हात खिशाकडं गेला आणि मधेच थांबला. "तिची चूक नाही, मॅडम. साहेब आले की मीच तिले येथून हाकलत होतो. तेच तिच्या ध्यानात रायलं."

मोठ्या मॅडम थांबल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. फाटकाच्या बाहेर वाकून त्यांनी चंदाला हात पुढं केला. चंदानं त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र बघितलं, गाडी बघितली आणि ती आईच्या पदराआड गेली.

"मुलं छान शिकतायत," त्या सरळ उभ्या राहत म्हणाल्या. "पण ज्या मुलीसाठी हे सगळं, ती फाटकाबाहेर आहे. मी जे पाहिलं तेच लिहीन, बाई. मला पुढं अकोल्याला जायचंय."

'अकोला' ऐकलं आणि मैनाबाईनं चंदाला जवळ ओढलं.

गाडी वळली. धुरळा उडाला, बागेच्या वळणावर विरला. नाजियाचे हात केशरी झाले होते आणि ते कुठं पुसावेत हे तिला सुचत नव्हतं.

चंदानं रस्त्याकडं नीट पाहिलं. गाडी गेली होती. तिनं आईचा पदर सोडला, पुसट रंगावर पाय देत फाटकातून आत गेली, व्हरांडा ओलांडून आपल्या जागेवर जाऊन बसली. तिच्या वाटचं संत्रं तिथं तसंच होतं. तिनं ते सोललं, फोडी मोजल्या, दोन सारखे भाग केले. मग एका भागाचे पुन्हा दोन.

आणि पाव भाग तळहातावर धरून ती दाराकडं बघू लागली, मॅडम कधी येतात आणि बघतात म्हणून.