जावयाच्या अक्षता

पोहायला मी पालीच्या एका विहिरीत शिकलो. म्हणजे काकांनी पाठीला सुका भोपळा बांधून ढकललं आणि भोपळा मला घेऊन वर आला. पुढे भोपळा गेला, पोट आलं; तरंगण्यात फरक पडला नाही. लग्नं आणि बारशी टिपणारा असा हा स्टुडिओवाला पाण्याखाली शार्कचे फोटो काढायला गेला, याचं श्रेय नाटे बंदरावरच्या एका तांडेलाला आणि तिथल्या लोकांच्या जिभांना.

तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. याच्या लग्नाचा अल्बम मीच केला होता, आणि आता त्याची मुलगी लग्नाची झाली होती. पावसाळा संपून होड्या पाण्यात गेल्या की त्याला समुद्रात एक व्हेल शार्क भेटायचा. एसटीएवढा लांब, अंगभर पांढरे ठिपके, माणसाच्या वाटेला न जाणारा. इंजिन बंद केलं की होडीला अंग घासायचा आणि निघून जायचा. तांडेलाने हे बंदरावर सांगितलं, तिथेच त्याचं चुकलं. गावाने त्या माशाचं नाव 'तांडेलाचा जावई' ठेवलं.

"काय तांडेल, जावय आला होता काय आज?"

"पोरीला न्यायला आलाय, का नुसताच जेवायला?"

मुलीला बघायला आलेल्या मंडळींनाही कुणीतरी वाटेत सांगितलं, की यांचा एक जावई आधीच समुद्रात आहे. मंडळी हसली, पोहे खाऊन गेली, परत आली नाहीत. मग त्याचा एक खलाशी दुसऱ्या होडीवर गेला. जाळं कुठे टाकायचं ते तांडेलाच्या शब्दावर ठरतं. ज्याचा शब्द थापेत जमा झाला त्याच्या होडीवर कोण थांबेल? उरलेल्या खलाशाने मासा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, पण तो पडला तांडेलाचा साडू. साडूची साक्ष कोण धरतो? त्याने मोबाइलवर काढलेल्या फोटोत चकाकणारं पाणी होतं आणि त्याचाच अंगठा.

"भाऊ, एक फोटो काढून द्या," तांडेल मला म्हणाला. "तोंड दिसेल असा. मग बघतो एकेकाला."

मी मुंबईच्या एका हौशी पाणबुड्याकडून वापरलेलं हाऊसिंग आणलं. हाऊसिंग म्हणजे कॅमेरा ठेवायचा जाड, पारदर्शक डबा. झाकणाच्या कडेने एक रबरी कडी असते, सगळं पाणी ती अडवते. तिच्यावर केस जरी राहिला तरी कॅमेरा गेला. हे मी घरात इतक्यांदा ऐकवलं की बायको म्हणाली, "माझ्या केसांची एवढी काळजी लग्नात घेतली असतीत तर." दगड बांधून डबा पिंपात बुडवून ठेवला. सकाळी आत थेंब नाही. मी स्वतःला समुद्रशास्त्रज्ञ समजू लागलो.

निघायच्या दिवशी तांडेलाची बायको ताट घेऊन धक्क्यावर आली. नवी वस्तू पाण्यात जाण्याआधी तिला हळदकुंकू लागतं, मग ते जाळं असो की होडीवरचा स्टोव्ह. तिने डब्याच्या झाकणाला बोट लावलं. तिथे माझ्यातला शहाणा जागा झाला.

"वहिनी, डब्याला काय लावता? यंत्र आत आहे."

आणि मी डबा उघडून धरला. तिने कॅमेऱ्याला कुंकू लावलं, मनापासून अक्षता टाकल्या, हात जोडले. मीही जोडले. मग भिंग शर्टाला पुसलं आणि खिटी दाबून डबा बंद केला. रबरी कडीकडे बघायचं राहिलं.

बराच वेळ समुद्रात काही नव्हतं. मग साडूने नुसतं बोट केलं. तांडेलाने इंजिन बंद केलं. माझं पोट मला खाली जाऊ देणार नाही हे ओळखून त्याने जाळ्याचं शिसं माझ्या कमरेला बांधलं, तोंडावर काचेचा मुखवटा चढवला आणि काकांच्याच पद्धतीने ढकललं.

तो समोरून आला. घाई नाही, राग नाही. घरात शिरावं तसं त्याचं रुंद तोंड जवळ येत गेलं. मी डबा डोळ्यांसमोर धरला आणि बटण दाबलं. बटण दबलं, आत काहीच हललं नाही. डबा अर्धा भरला होता. पाणी गुलाबी, आणि त्यात दोन तांदूळ सावकाश गोल फिरत होते. त्या तांदळांच्या मागून आख्खा जावई माझ्या डोळ्यांसमोरून गेला आणि मी तांदूळ बघत राहिलो.

होडीत तांडेलाने डबा उघडून पाणी ओतलं. कडीच्या खाचेत तिसरा दाणा अडकला होता. तो त्याने नखाने काढला, समुद्रात टाकला. 

इथे कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण गोष्ट इतकी झकास जमली होती की माझ्या पोटात राहीना. बंदरावरच्या टपरीवर चहा येण्याआधी मी ती साभिनय सांगून टाकली. लोक हसले, मला वाटलं, मला हसले. तिसऱ्या दिवशी नवी आवृत्ती पालीला माझ्या स्टुडिओत येऊन पोचली: "तांडेलाच्या जावयावर अक्षता पडल्या. फोटोग्राफर होता, पण फोटो नाय. लग्न गुपचूप लावलं."

त्यानंतर महिनाभराने तांडेलाचा फोन आला.

"भाऊ, या. कॅमेरा कोरडाच आणा."

नाट्याच्या किनाऱ्यावर जत्रा भरली होती. उथळ पाण्यात तो पडला होता, शेपटीला नायलॉनचा दोर. जाळ्यात शिरला, तेव्हा जाळं कापून त्याला सोडता आलं असतं. तांडेलाने आणि साडूने दोर बांधून त्याला ओढत आणला. कल्ले अजून मधूनच उघडत होते. पोरं पाठीवर चढून घसरत होती. कुणीतरी ओरडलं, "जावय आलाय, ओवाळा." मोबाइल सगळ्यांचे बाहेर, आणि प्रत्येकाचा फोटो स्वच्छ.

"घ्या आता," तांडेल मला म्हणाला. "तोंड दिसतंय."

दुपारपर्यंत कल्ले थांबले. कुणाच्या तरी फोनवरून वनखात्याची माणसं आली. हा मासा मारायला बंदी आहे. तांडेल सरळ उभा राहून म्हणाला, "मेलेलाच लागला जाळ्याला, साहेब. वास येऊ नये म्हणून ओढून आणला."

कल्ले हलताना पाहिलेलं आख्खं गाव त्याच्या पाठीशी उभं होतं. "तांडेल खोटं बोलायचा नाय," चहाटपरीवाला म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. खरं सांगत होता तेव्हा यातल्या एकानेही मान डोलावली नव्हती. दुसऱ्या होडीवर गेलेला खलाशीही तिथेच होता. त्याने तांडेलाला तंबाखू मळून दिली.

साहेबांना कागदासोबत फोटो हवा होता. कॅमेरावाला तिथे मी एकटाच. तांडेल माशाच्या डोक्यापाशी उभा राहिला. शेपटीवर दोराचा वळ होता, लाल, ताजा. मेलेल्याच्या अंगावर असा उठत नाही. मी दोन पावलं पुढे झालो, शेपटी चौकटीबाहेर गेली. लग्नात नवऱ्याचं टक्कल असंच बाहेर ठेवतो, हात बसलेला आहे. आणि सवयीने तोंडातून गेलं, "तांडेल, जरा हसा."

तो हसला.