बिनटोलाचा हवालदार

हवालदार भाऊसो मोहिते सतरा वर्षं फौजेत ट्रक चालवून कराडजवळच्या आपल्या गावी परतले, तेव्हा या देशातल्या रस्त्यांबद्दल त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. रस्ता फौजीकडं पैसे मागत नाही. पठाणकोटपासून लेहपर्यंत त्यांनी पीठ नेलं, रॉकेल नेलं, एकदा तर कर्नलसाहेबांच्या बाईसाहेबांचा शिसवी सोफा नेला. पण वाटेत दांडी आडवी टाकून कुणी हात पुढं केला नाही.

गावी येऊन त्यांनी जुनी पांढरी बोलेरो घेतली आणि पहिल्याच आठवड्यात हायवेच्या टोलनाक्यावर त्यांचा अपमान झाला. खिडकीतल्या माणसानं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, सर्व्हिसमध्ये आहात की रिटायर? भाऊसो छाती काढून म्हणाले, रिटायर. तो म्हणाला, मग पैसे काढा. भाऊसोंनी गाडी वळवली आणि आले तसे घरी गेले. ज्या लग्नाला निघाले होते, ते त्यांच्याशिवाय लागलं. त्या दिवसापासून पुढची सहा वर्षं त्यांनी टोलाला एक रुपया दिला नाही, आणि हे ते ओळख झाल्याबरोबर कुणालाही सांगत.

त्यांचं मुख्य शस्त्र म्हणजे ‘लोकल’ हा शब्द. नाक्याच्या आसपासच्या गावांना सूट असायची. कडेच्या लेनमध्ये गाडी घालायची, काच खाली करायची, आधार कार्ड दाखवायचं आणि म्हणायचं, ‘लोकल’. भाऊसो हा शब्द असा काही म्हणत, की समोरच्याला वाटावं, हायवे यांच्याच बांधावरून गेलाय. जिथं ते लोकल नव्हते तिथं उसातनं जाणारी पाणंद असायची. एका नाक्याला असा अकरा किलोमीटरचा वळसा होता. त्या वळशानं दोनदा गाडीचा चेंबर फोडला आणि एकदा गाडी पाटात उभी केली. दुरुस्तीच्या पैशात दोन वर्षांचा टोल निघाला असता, असं त्यांच्या पोरीनं, पल्लवीनं, कागदावर मांडून दाखवलं. भाऊसो म्हणाले, पैशाचा प्रश्नच न्हाई, तत्त्वाचा हाय. त्यांची बायको सुलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘आवं, मग तत्त्वालाच सांगा की गाडी दुरुस्त कराय.’’

मग फास्टॅग आला, प्रत्येक गाडीला सक्तीचा. काचेवर एक पट्टी, नाक्यावर एक मशीन. दोघं आपसात बोलून पैसे कापणार आणि मालकाला मागाहून मेसेज. भाऊसोंना हे पटणं शक्यच नव्हतं. दरोडेखोरसुद्धा आधी थांबवतो, दोन शब्द बोलतो. त्यांनी भाकरी गुंडाळायचा चांदीचा कागद घेतला, चौकोनी कापला, टॅगवर चिकटवला आणि वरून ‘जय जवान’चा स्टिकर मारला. टॅग मुका झाला. ही कामगिरी त्यांनी बायको-पोरीलासुद्धा सांगितली नाही. फौजेत असताना गुपित राखायची वेळ कधी आली नव्हती, ती हौस इथं भागली.

इकडं पल्लवी कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातनं इलेक्ट्रॉनिक्स शिकून बाहेर पडली होती. दीड वर्ष शिरवळच्या एका कारखान्यात कंत्राटावर काढलं, मग कंत्राट संपलं आणि घरी बसली. दोन ठिकाणी शेवटच्या फेरीत गळाली. तिसरं बोलावणं आलं ते मुंबईहून, वरळीच्या एका कंपनीकडून, आणि ती कंपनी टोलनाक्यावरची टॅग वाचायची मशीनं बनवायची. शेजारच्या आकारामनं हे ऐकलं आणि चौकात जाहीर केलं, की हवालदाराची पोरगी शत्रूला फितूर झाली.

भाऊसोंनी दोन दिवस मान खाली घालून वैरण टाकली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मी नेतो. पल्लवी म्हणाली, मी एसटीनं जाते. ते म्हणाले, फौजीची पोरगी इंटरव्ह्यूला उभ्यानं जात न्हाई. पत्रात जाड अक्षरात लिहिलं होतं, सकाळी दहानंतर प्रवेश नाही. हे वाक्य पल्लवीनं बापाला तीनदा वाचून दाखवलं, कारण बापाला ती ओळखून होती.

आदल्या दिवशी दुपारी ते निघाले. पहिला नाका ‘लोकल’वर सुटला. पुढच्या दोन नाक्यांवर भाऊसोंनी जुनं ओळखपत्र काचेतून दाखवलं, तारखेवर अंगठा ठेवून. एक्स्प्रेसवेला मात्र अंगठ्याचं काम नव्हतं. तिथं नशीब मागून आलं. कुण्या साहेबांचा ताफा, सात पांढऱ्या गाड्या. भाऊसोंनी चारी इंडिकेटर लावले, काळा चष्मा चढवला आणि आठवी गाडी झाले. दांडी वरच होती. एका रक्षकानं सलाम ठोकला. भाऊसोंनी तो कवायतीत शिकवल्यासारखा परत केला. पल्लवीनं ओढणी तोंडावर ओढून घेतली.

‘‘ह्या देशात टोल दोघंच देत न्हाईत,’’ भाऊसो म्हणाले, ‘‘पुढारी आन् मी. माझी गाडी तेवढी माझ्या पैशाची हाय.’’

रात्रीचा मुक्काम सांताक्रूझला, सुलाबाईच्या चुलतभावाकडं. सकाळी वरळीला जायला दोन रस्ते होते. माहीमकडून फुकटचा आणि समुद्रावरच्या पुलावरून टोलाचा. भाऊसोंनी अर्थात माहीम धरला. वीस मिनिटांत गाडी चारशे पावलं गेली. पल्लवीनं मोबाइल पुढं केला. माहीमचा रस्ता नकाशावर लालभडक होता, तासभर दाखवत होता. पूल बारा मिनिटं. भाऊसोंनी एकदा तिच्याकडं, एकदा नकाशाकडं पाहिलं आणि गाडी वळवली. त्यांच्या मनात माघार नव्हती. पुलावर सुद्धा शेवटी खिडकीत माणूसच बसलेला असणार, असा त्यांचा हिशेब.

नाक्यावर साडेनऊ वाजले होते. वर मशीन, समोर दांडी, दांडी जागची हलेना. मागं हॉर्न सुरू झाले. खिडकीत तिशीतली एक बाई होती, खिशावर नाव लावलेलं, रेश्मा. टॅग वाचत नाहीये, ती म्हणाली. भाऊसोंनी काच पूर्ण खाली केली, आधार कार्ड काढलं आणि आपला शब्द टाकला. ‘‘लोकल.’’

‘‘कुठले?’’

‘‘कराड.’’

रेश्मानं कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही. ‘‘काका, कराडहून आलाय म्हंजे लोकल कसले? एक्स्प्रेस झाला की तुमी.’’

शेजारच्या लेनमधला टॅक्सीवाला हसला. भाऊसोंच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण त्यांना बोलीचा वास आला होता. कुठली गं तू, त्यांनी विचारलं. आटपाडीची, ती म्हणाली. भाऊसोंना वाटलं, किल्ला पडला. ते म्हणाले, मग आपल्याच मुलखातली, सोड की, मी फौजी हाय.

‘‘माझ्या आज्यानं आख्खी हयात मेंढरं घेऊन तुमच्या त्याच मुलखातनं पायपीट केली,’’ रेश्मा म्हणाली, ‘‘त्याला कुनी लोकल म्हनलं न्हाई. तुमाला कशी सोडू? टॅग चालवा, न्हाईतर दुप्पट भरा.’’

यावर भाऊसोंनी आवाज चढवला. ते तत्त्वावर आले. रस्ता कुणाचा, घाम कुणाचा, लेहची थंडी किती. मागचे हॉर्न आता एका सुरात वाजत होते. पल्लवी पुढं वाकली.

‘‘मी काल टॅगवर दोन हजार टाकलेत, पप्पा. माझ्याकडचे शेवटचे. वाचत का न्हाई मग?’’

पल्लवीनं बापाच्या नजरेचा माग काढला. ती काचेवरच्या ‘जय जवान’वर जाऊन चिकटली होती. तिनं स्टिकरची कड नखानं उचलली. खाली चांदीचा कागद चमकला. चार वर्षांच्या शिक्षणात रेडिओच्या लहरी कशा अडवायच्या हे तिनं दोन पेपरांना लिहिलं होतं. तिच्या बापानं ते भाकरीच्या डब्यातनं शिकून घेतलं होतं.

नऊ एकेचाळीस झाले होते. तिनं फाइल छातीशी धरली आणि दार उघडलं. ‘‘मी चालत जाते.’’

‘‘पुलावर चालायला बंदी हाय, ताई,’’ रेश्मा हळूच म्हणाली.

पल्लवी एक पाय खाली ठेवून तशीच बसली. पुढं समुद्र होता, मागं गाड्या होत्या, आणि वरळी पलीकडं नुसती दिसत होती. भाऊसोंनी पोरीचा तो एक पाय पाहिला. नवीन चप्पल होती, लोणंदच्या मावशीनं पाठवलेली, चावू नये म्हणून टाचेला प्लॅस्टिकची पट्टी चिकटवलेली. त्यांनी दोन्ही हातांच्या नखांनी तो कागद खरवडून काढला. जवान अर्धा फाटला, किसानाचा प्रश्नच नव्हता.

मशीन ‘पीं’ करून बोललं. दांडी वर गेली.

‘‘जा काका,’’ रेश्मा म्हणाली. ‘‘आन् पोरगी लागली नोकरीला तर म्हनावं, मशीनला जरा माणसं ओळखायला शिकव.’’

पूल भाऊसोंनी असा मारला, की डाव्या हाताचा समुद्र त्यांनी बघितलाच नाही. नऊ छप्पनला पल्लवी कंपनीच्या फाटकातून आत गेली. जाताना मागं वळून बघितलं नाही. भाऊसोंनाही ते बरंच वाटलं, कारण त्या वेळी त्यांचं तोंड बघण्यासारखं नव्हतं.

ती दुपारी तीनला बाहेर आली. एक तारखेपासून यायला सांगितलंय, एवढंच म्हणाली आणि गाडीत बसून डोळे मिटले. परतीच्या वाटेवर भाऊसोंनी गाडी प्रत्येक नाक्यावर टॅगच्या लेनमध्ये घातली. मयताला आल्यासारखे ते सरळ समोर बघत राहायचे. ‘पीं’ झालं, की जबडा हलायचा आणि गाडी पुढं.

पल्लवीनं सगळी हकिगत आईला सांगितली. म्हणजे सकाळपर्यंत ती आळीला कळली. आकाराम दूध घालायच्या निमित्तानं आला, इकडतिकडचं बोलला, मग मुद्द्यावर आला.

‘‘काय हवालदार, शेवटी टोल दिलाच म्हनं.’’

भाऊसो गाडी पुसत होते. फडकं त्यांनी सावकाश पिळलं.

‘‘कुनी दिला? पैसं पोरीच्या खात्यातनं गेलं. ती नोकरदार हाय, तिचा तिला अधिकार. माझ्या खिशातनं अजून एक रुपया गेला न्हाई गड्या. पायजे तर मशीनला इचार.’’