ओढ्याकाठचा सापळेवाला

माझा धंदाच संशयाचा आहे. एनस्खेडे या डच शहरातल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी 'झालं' म्हणून हातावेगळं केलेल्या कामात खोट काढायची, हे माझं काम. ही सवय संध्याकाळी लॅपटॉपबरोबर मिटून ठेवता आली असती तर बरं झालं असतं.

त्या सप्टेंबरात आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. भावाला तिचं येणं पसंत नव्हतं. "तू दिवसभर मीटिंगमध्ये असणार. तिला काही झालं तर जबाबदारी तुझी," असं त्याने फोनवर बजावलं. मी तोऱ्यात म्हटलं, माझीच.

पहिले दोन आठवडे आई नुसती कंटाळली. मग तिने घरामागचा ओढा शोधून काढला. चहा झाला की अंगावर शाल, पायात माझे बूट अशी ती निघायची आणि काठावरच्या गवतात तासभर बसायची. मी वरच्या खोलीतून काम करता करता तिच्यावर एक डोळा ठेवायचे.

तिथेच मला तो माणूस दिसला. पन्नाशीचा, छातीपर्यंत रबरी विजार चढवलेला, हातात लांब लोखंडी काठी. पाण्यात उतरून तो काठाला काठी टोचायचा, मग मान वर करून आमच्या घराकडे बघत उभा राहायचा. त्याच्या पांढऱ्या व्हॅनवर ना नाव, ना फोन नंबर. माझ्या मनात पाल चुकचुकली. सर्दीमुळे आई दोन दिवस बाहेर पडली नाही, तर हा इसम कुंपणापाशी येऊन आत डोकावून गेला. एकदा तर त्याने बेल वाजवली. मी वरून पाहिलं आणि मुद्दाम दार उघडलं नाही.

"तो तुझ्याशी बोलतो का गं?" मी आईला विचारलं.

"काहीतरी बोलतो, मला कुठे कळतंय! हात करतो. मग मीही करते."

"तू कशाला करतेस?"

"मग काय तोंड फिरवू? चांगला दिसतो माणूस."

चांगला दिसतो! मी खिडकीतून त्याचे फोटो काढले आणि खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वेबसाइटवर तक्रार केली: अनोळखी पुरुष घरावर पाळत ठेवतो, घरात वयस्कर आई एकटी असते. एकटी काही नसायची, पण तक्रारीला जरा वजन यावं म्हणून लिहिलं.

तोवर आईबद्दलही मला शंका यायला लागली होती. डब्यातल्या पोळ्या कमी व्हायच्या. ती परतायची तेव्हा तिच्या बाह्या ओल्या असायच्या. विचारलं की म्हणायची, "हात धुतले." ती त्या माणसाला खाऊ घालते, अशी माझी खात्रीच पटली. मन चिंती ते वैरी न चिंती.

आणि एका सकाळी त्याने पुन्हा बेल वाजवली. या वेळी त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं. मी साखळी न काढता दार किलकिलं केलं. पाणी सांभाळणाऱ्या खात्याचा तो सापळेवाला होता. कोणीतरी तक्रार केली आहे, म्हणून घरोघरी ओळख देत फिरतोय, असं त्याने सांगितलं. मी नुसतं "अच्छा" म्हटलं.

मग त्याने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. "मी पिंजऱ्यात सफरचंद ठेवतो. चार वेळा सफरचंद गायब, दार पुन्हा नीट लावलेलं आणि आत हे. काय आहे हे?"

पिशवीत तूप-गूळ लावून गुंडाळलेल्या पोळीचा फुगलेला तुकडा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"ते माझंय," आई मागून हात पुसत म्हणाली. लाज नाही, भीती नाही.

पुण्यात घरी उंदीर सापडला की बाबा पिंजरा उचलून कालव्यापलीकडे मोकळ्यावर सोडून यायचे. गणपतीचं वाहन, मारायचं नाही. आणि उपाशी पाठवायचं नाही म्हणून आई आधी पोळीचा तुकडा टाकायची. इथे ओढ्याकाठच्या पिंजऱ्यात तिला मांजराएवढा, नारिंगी दातांचा उंदीर दिसला. तिला वाटलं, हा माणूस पकडतो, पण सोडायला विसरतो. म्हणून ती स्वतःच दार उघडून त्याला सोडून द्यायला लागली. मग पुढे जो येईल त्याच्यासाठी म्हणून एक तुकडा आत ठेवून ती दार परत लावायची.

मी हे सगळं त्याला सांगितलं. तो चिडला नाही. "चला, दाखवतो," म्हणाला.

वाटेत त्याने त्या जनावराची गोष्ट सांगितली. कातड्याच्या कोटांसाठी ती दूरदेशाहून आणून पाळली. कोट गेले, जनावरं राहिली. आता ती जर्मनीतून ओढ्याओढ्याने इकडे येतात आणि काठ पोखरतात. त्याच्या धंद्यातले जुने लोक कातड्यांसाठी बर्फाळ डोंगर पालथे घालायचे. हा सपाट देशातले ओढे पालथे घालतो, आणि कातडं कोणालाच नको असतं.

आई बसायची तिथलं गवत चेपलेलं होतं. शेजारी लाल फीत बांधलेली एक काठी रोवलेली होती. त्यावर आई शाल अडकवायची. त्याने आपली लोखंडी काठी त्या गवतात टोचली. ती मुठीपर्यंत आत गेली. खाली नुसती पोकळी होती आणि पोकळीखाली पाणी.

"लाल फीत धोक्याची आहे. मी त्यांना वर जा म्हणून हात करायचो, त्या मला हात करायच्या. तुम्हाला सांगायला बेलही वाजवली, कोणी दार उघडलं नाही," तो म्हणाला. "दुरुस्तीवाले सोमवारी येणार आहेत."

आईचा हात मी इतका घट्ट धरला की ती "अगं, बांगडी रुततेय" म्हणाली.

"त्याला विचार, पकडून काय करतो?"

मी विचारलं. गोळी घालतो, लगेच, असं तो म्हणाला. खोटं सांगावंसं फार वाटलं, पण मी जसंच्या तसं सांगितलं. आईने त्या भोकात वाकून पाहिलं.

"पाप त्याचं, आणि जीव वाचला माझा," ती म्हणाली आणि काठीवरची शाल काढून घराकडे चालायला लागली.

मी मागे थांबले. "तक्रार मी केली होती," मी म्हटलं.

"माहीत आहे. ऑफिसात फोटो दाखवले. तुमच्या वरच्या खिडकीतूनच काढलेले होते."

"तरी तुम्ही घराकडे बघत राहिलात?"

त्याने काठी उपसली आणि गवतावर पुसली.

"त्या इथे बसायच्या थांबल्या नव्हत्या ना."